चौकट : यादी, पास आणि पाच स्तर

२५ मार्च २०२० ला कोरोनामुळे टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईत कामाला, शिकायला गेलेली अमरावती-अकोल्याची माणसं जागच्या जागी अडकली. केंद्राने २९ एप्रिलला परतीची मुभा दिली, पण अटींसह. अडकलेल्यांची नोंद, आरोग्य तपासणी, लक्षणं नसतील तरच प्रवास आणि पोहोचल्यावर घरीच विलगीकरण. ही नोंद आणि प्रवासाचा ई-पास यांसाठीची ऑनलाइन अर्जाची वाट साधा फोन वापरणाऱ्या मजुरासाठी फार अवघड होती. राजस्थानातल्या कोट्यात अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणायला मात्र धुळ्याहून एसटी गाड्या थेट तिकडे गेल्या.

आंतरजिल्हा एसटी २० ऑगस्टला सुरू झाली, तीही विनापास. खासगी गाडीला ई-पासची सक्ती २ सप्टेंबरला सुटली. मधल्या काळात स्वतःच्या गाडीला परवाना लागे, एसटीच्या प्रवाशाला नाही.

वऱ्हाडाची खरी परीक्षा पुढेच होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याचा बराच भाग खुला असताना इथे रुग्ण झपाट्याने वाढले. २२ तारखेच्या सुमारास अमरावती, अचलपूर, तसंच अकोला, अकोट, मूर्तिजापूर ही शहरं पुन्हा बंद झाली.

७ जूनपासून जिल्ह्यांची शिथिलता पाच स्तरांत ठरू लागली. निकष दोन : बाधितांचं प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा. ई-पास आता लागे तो पाचव्या स्तरापुरता. १ एप्रिल २०२२ ला उरलेले निर्बंध उठले, मास्कही ऐच्छिक झाला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता.