कुंतीची जागा

पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली, की थोड्याच दिवसांनी एखाद्या संध्याकाळी सारे अंगण अकस्मात दरवळू लागते. ही किमया कुंतीची. कालपर्यंत केवळ हिरवे दिसणारे झुडूप पांढऱ्या फुलांनी झाकून जाते आणि दोन-तीन दिवसांत तळाशी पाकळ्यांचा सडा घालून पुन्हा पूर्ववत होते.

आपल्या घरांतून हिला कुंती म्हणतात. परंतु इंदूर, ग्वाल्हेर वा वडोदऱ्याच्या रोपवाटिकेत कामिनी किंवा मधुकामिनी म्हणूनच मागावी लागते. शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. लिनिअसचे शिष्य योहान आंद्रेयास मरे यांच्या गौरवार्थ त्यातील 'मुराया' हे नाव दिले गेले.

कुंतीची लागवड सोपी आहे. पिकलेल्या लाल फळांतील बी गर काढून ताजेच पेरावे, अथवा पावसाळ्यात अर्धवट जून फांदीचे कलम लावावे. बियांच्या रोपाला फुले येण्यास अधिक काळ लागतो. दीड फूट लांब-रुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन माती आणि मुरलेले शेणखत यांनी भरावा. माळव्याच्या काळ्या मातीत पाणी साचते व मुळे कुजतात. म्हणून तेथे वाळू मिसळून आळे थोडे उंच ठेवावे. कुंपणासाठी दोन रोपांत दीड-दोन फुटांचे अंतर पुरते. छाटणी बहर ओसरल्यावर करावी. ऊन जितके अधिक, तितकी फुले अधिक. ग्वाल्हेरकडील कडक थंडीत कोवळ्या रोपांवर रात्री आच्छादन घालावे.

एवढे आम्हांस ठाऊक होते. कुंतीचे कूळ मात्र आम्ही पाहिले नव्हते. ती लिंबू, संत्रे, कढीलिंब यांच्याच कुळातली. आमच्या परसात मातोश्रींनी लावलेली लिंबोणी होती; घरचे लोणचे वर्षानुवर्षे तिच्याच लिंबांचे. तिच्यालगत आम्ही हौसेने कुंतीची रांग लावली. काही वर्षांनी लिंबोणीच्या पानांवर पिवळे चट्टे उमटले, फळे लहान व वाकडी धरू लागली. आम्ही खत वाढवले, पाणी वाढवले. गुण आला नाही. अखेर एका जाणकार स्नेह्यांनी कुंतीच्या कोवळ्या शेंड्यावरील बारीक, करडे कीटक दाखवले. तो सिट्रस सायला. कुंतीची पालवी त्याला फार प्रिय, आणि लिंबूवर्गीय झाडांच्या ग्रीनिंग रोगाचे जिवाणू तोच एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. रोग जडलेले झाड बरे करण्याचा उपाय नाही. लिंबोणी आम्हांला तोडावी लागली.

दोष कुंतीचाच होता, असे आम्ही म्हणणार नाही. तो कीटक लिंबावरही पोसला जातो. परंतु त्याला दारातच बारमाही आश्रय आम्ही दिला, एवढे खरे.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी: कुंती अवश्य लावावी, पण आधी आपल्याच नव्हे, तर शेजाऱ्यांच्या परसातही डोकावून पाहावे. तेथे लिंबू, मोसंबी वा संत्रे असेल, तर मोगरा किंवा अनंत लावून सुगंधाची हौस भागवावी. झाड लावताना माती आपण पारखतोच. त्याचे सोयरेही पारखावेत.

आमच्याकडे कुंती आजही बहरते. लिंबे मात्र बाजारातून येतात.