पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा : सोसू नका, इलाज आहे

पाळी गेली की बाई म्हणते, सुटले एकदाची. पण वर्ष-दोन वर्षांत काहींना लघवीला जळजळ, मायांगाला खाज, संबंधाच्या वेळी सोललं गेल्यासारखं दुखणं सुरू होतं. नवऱ्याला वाटतं, हिला आता नकोच असतं. तिला वाटतं, वय झालं, सोसायचं. दवाखान्यात गेली तरी लाजेपोटी फक्त ‘जळजळ होते’ एवढंच सांगते. मग जंतुसंसर्गाच्या गोळ्या मिळतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं. योनीची आतली त्वचा त्याच्यामुळे जाड, ओली आणि लवचीक राहते. पाळी गेल्यावर हे हार्मोन घटतं, त्वचा पातळ व कोरडी पडते. लघवीचा संसर्गही वारंवार होऊ लागतो. गर्भपिशवीच्या ऑपरेशनमध्ये अंडाशयंही काढली असतील, तर तिशी-चाळिशीतच हा त्रास सुरू होऊ शकतो. अंगाला येणाऱ्या गरम वाफा काही वर्षांनी बहुधा कमी होतात. हा कोरडेपणा मात्र उपचाराशिवाय सहसा जात नाही.

त्रास थोडा असेल तर मेडिकलमध्ये मिळणारी पाण्यासारखी जेली संबंधाच्या वेळी पुरते. त्रास जास्त असेल तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम किंवा आत ठेवायची छोटी गोळी लिहून देतात. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा वापरायची. दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवू लागतो. पूर्ण आराम पडायला दोन-तीन महिने लागू शकतात. बंद केलं की त्रास परत येऊ शकतो. हे मलम ऐन संबंधाच्या वेळी लावायचं नाही.

‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ ही भीती बरीचशी २००२ साली अमेरिकेत गाजलेल्या एका अभ्यासातून आली. तो अभ्यास पोटात घ्यायच्या गोळ्यांचा होता. कमी मात्रेचं हे मलम जागेवरच काम करतं, रक्तात फारच थोडं उतरतं. तरीही स्तनाचा किंवा गर्भपिशवीचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, तरी थांबू नका. आधी तपासणी, मगच मलम. ते गर्भपिशवीच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं.

साबणाने, डेटॉलने आतून धुऊ नका; त्याने कोरडेपणा वाढतो. मेडिकलमधून खाजेचं कुठलंही मलम मनाने आणून लावू नका.

सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग विभागात जा आणि स्पष्ट सांगा : “पाळी जाऊन इतकी वर्षं झाली. आत कोरडं पडतं. संबंधाच्या वेळी दुखतं.” एवढी तीन वाक्यं बोललात, तर डॉक्टरांना नेमकं काय तपासायचं ते कळतं. आणि घरातल्या पुरुषांनीही हे वाचावं. ती टाळते, कारण तिला दुखतं.