गुडघा दुखल्यानंतर पुन्हा धावायला कधी आणि कसं लागावं?

गुडघा दुखायला लागला की घरचे म्हणतात, "आता पुरे, धावणं बंद कर." धावणाऱ्यांचा ग्रुप म्हणतो, "एवढं चालायचंच, पळत राहा." पेशंट मध्ये अडकतो. त्यातून जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पैसे भरून झालेले असतात आणि दिवाळीच्या सुमारास गुडघा कुरकुरायला लागलेला असतो. अशा वेळी पेशंट विचारतात, "डॉक्टर, मी धावू की नको?" बहुतेकांसाठी याचं उत्तर "धावा, पण आधीसारखं लगेच नको" असं असतं. ते कसं, हे इथे पाहू.

हे कोणत्या दुखण्याबद्दल आहे?

धावणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं गुडघ्याचं दुखणं वाटीच्या मागे किंवा वाटीभोवती असतं. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत नाही, पेशंट वाटीवर अख्खा पंजा ठेवतो. जिना उतरताना, उकिडवं बसताना, उतारावर धावताना दुखतं. एसटीत किंवा सिनेमाला गुडघे वाकवून दोन-तीन तास बसलं की उठताना कळ येते.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं होईल. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वर-खाली सरकते. गुडघा वाकलेला असताना मांडीच्या पुढच्या स्नायूने जोर लावला की वाटी त्या खोबणीवर दाबली जाते. हा दाब पेलायची सवय सांध्याला हळूहळू लागते. आपण ती लागायच्या आत किलोमीटर वाढवतो, नाहीतर पावसाळाभर बसून काढतो आणि एकदम घाट चढा-उतरायला जातो. म्हणून मी पेशंटला आधी विचारतो, "गेल्या महिना-दीड महिन्यात धावण्यात काय बदललं?" बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

"ग्रीस संपलं", "वाटी घासली" असं कोणी सांगितलं असेल तर घाबरू नका. या दुखण्यात एक्स-रे बहुधा नॉर्मल असतो आणि एमआरआयची सहसा गरज नसते. चाळिशीनंतर तर अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांच्या एमआरआयमध्येही काही ना काही बदल दिसतात. दुखणं किंवा सूज नसेल तर गुडघ्याचा नुसता कटकट आवाजही काळजीचा नाही.

मात्र पुढच्या गोष्टी असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा: पाय मुरगळताना 'कट्' झालं आणि काही तासांत गुडघा सुजला, गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो, पायावर भार देता येत नाही, सांधा लाल, गरम आहे आणि ताप आहे, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, किंवा हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं तर कळ येते आणि धावताना ती वाढतच जाते. लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्यांचं वेळापत्रकही वेगळं असतं. त्यांनी किमान तीन महिने धावण्याचा विचार करू नये आणि त्यानंतरही आपल्या सर्जनने व फिजिओथेरपिस्टने तपासून हो म्हटल्यावरच सुरुवात करावी.

पूर्ण विश्रांती का नको?

महिनाभर पाय वर करून बसलं की दुखणं थांबतं, पण मांडीचे स्नायूही कमजोर होतात आणि धावायला गेल्यावर गुडघा पुन्हा तिथेच दुखतो. कॅनडात झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा धावपटूंचे गट करून एका गटाला फक्त धावणं दुखण्याप्रमाणे कमी-जास्त कसं करायचं ते शिकवलं. दुसऱ्या गटांना त्याशिवाय व्यायाम किंवा धावण्याच्या पद्धतीतले बदलही दिले. गुण सर्वांना साधारण सारखाच आला. व्यायाम निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. भार सांभाळणं हे मुख्य औषध आहे, एवढं त्यावरून नक्की कळतं.

सुरुवात कधी करायची?

तारखेवरून ठरवू नका, गुडघ्यावरून ठरवा. अर्धा तास भरभर चालून त्रास होत नाही, जिना नीट उतरता येतो, आणि पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच सावकाश खाली टेकवताना गुडघा आत वळत नाही की दुखत नाही, एवढं जमलं की सुरू करा. शक्य तिथे सपाट रस्ता किंवा मैदान निवडा. उतार शेवटी.

पहिल्या आठवड्यात एक मिनिट सावकाश धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सात-आठ वेळा. एक दिवस आड. जमलं तर पुढे दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, मग तीन, मग पाच. आधी वेळ वाढवा, मग वेग आणि त्यानंतर चढ-उतार. दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवू नका. जे दहा-पंधरा किलोमीटर धावत होते त्यांना हे पोरखेळासारखं वाटतं, आणि नेमके तेच तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटर धावून परत येतात.

थोडं दुखलं तर चालेल का? चालेल. शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरा. धावताना दोन-तीनपर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवशीसारखाच असायला हवा. सकाळी जिना उतरताना जास्त दुखलं किंवा सूज दिसली तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला. एक-दोन दिवस थांबून एक पायरी मागे या. याला अपयश समजू नका, असं मागे-पुढे बहुतेकांचं होतं.

एक साधी युक्ती बऱ्याच जणांना लागू पडते. वेग तोच ठेवून पावलं थोडी छोटी आणि जास्त टाका. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १६८ ते १७६ करून पाहा. पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि वाटीवरचा दाब कमी होतो.

न धावण्याच्या दिवशी, आठवड्यातून दोन-तीनदा, मांडीचे आणि कुल्ल्याचे व्यायाम करा: खुर्चीतून हात न लावता सावकाश उठणं-बसणं, भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, टाचा उचलणं. ताकद वाढायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेल चोळून बरं वाटत असेल तर चोळा, पण ताकद त्याने येत नाही. नी-कॅपचंही तेच.

घरच्यांच्या मनातला प्रश्न

"धावून धावून गुडघे झिजणार नाहीत का?" २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के लोकांना खुब्याची किंवा गुडघ्याची झीज आढळली, न धावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १०.२ टक्के होतं. व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते १३.३ टक्के होतं. धावण्यामुळेच गुडघे वाचतात, असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहतात, हेही त्यात असू शकतं. पण हौशी धावण्याने गुडघे खराब होतात, ही भीती त्यातून खरी ठरत नाही. तेव्हा घरच्यांनी धावणं सोडायला लावण्यापेक्षा "आज सकाळी जिना उतरताना कसं होतं?" एवढं रोज विचारलं तरी मोठी मदत होईल.

आणि ती जानेवारीची शर्यत?

माझं मत स्पष्ट आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला सलग अर्धा तास त्रासाविना धावता येत नसेल तर त्या जानेवारीत अर्ध किंवा पूर्ण मॅरेथॉन धावू नये. भरलेले पैसे जातील, गुडघा हातचा राहील. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन उभं राहण्याचा विचार तर मुळीच नको. गोळीने गुडघ्याची सूचना ऐकू येत नाही, आणि घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी या गोळ्या एरवीही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

सहा ते आठ आठवडे असं नेमाने करूनही दुखणं तिथेच असेल, तर तपासून घ्या. येताना धावण्याची नोंद असलेला मोबाइल आणि रोज वापरता ते बूट सोबत आणा.