नको, नका, नये

मैत्रिणींनो, फवारणीच्या दिवसांत आपण घरात सारखं बजावतो. लेकराला 'डब्याला हात लावू नको', सासऱ्यांना 'वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका'. 'लावू', 'फवारू' तसंच राहतं. समोरचा माणूस बदलला की 'नको'चं 'नका' होतं. स्पॅनिश भाषेत मात्र क्रियापदच बदलतं: 'आब्ला' म्हणजे बोल, 'नो आब्लेस' म्हणजे बोलू नको.

औषधाच्या माहितीपत्रकात बहुधा 'नये' असतं. उपाशीपोटी फवारू नये. कोणी? ते कळत नाही, म्हणून आम्हाला वाटतं, ते कोणालाच लागत नाही. 2017मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. आम्ही गटात पत्रक वाचताना प्रत्येक 'नये'चा 'नका' करतो: 'भाऊ, पंपाचं नोझल तोंडानं फुंकू नका.'