ऐरणीची कड

कुंभकोणम्‌जवळील दारासुरम् येथे ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. चोळ राजा दुसरा राजराज याने ते १२ व्या शतकात बांधविले. २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. रथाच्या आकाराचा मंडप, त्याची दगडी चाके आणि घोडे पाहताना प्रेक्षकाला शिल्पीची आठवण होते, लोहाराची होत नाही. वास्तविक ग्रॅनाइटसारखा कठीण पाषाण छिन्नीचे टोक फार लवकर बोथट करतो. ते पुन्हा तापवावे, ठोकावे आणि त्याला पाणी द्यावे लागते. म्हणून जेथे ग्रॅनाइट घडविला जातो तेथे भट्टी आणि ऐरण फार दूर असून चालत नाही. तमिळ प्रदेशातील कम्माळर समाजात लोहार, सुतार, कासार, सोनार व शिल्पी असे पाच कारागीर एकत्र गणले जातात. आपल्याकडील पांचाळांची कल्पनाही याच धर्तीची आहे.

लोहाराच्या साधनांत ऐरण सर्वांत स्थिर. आणि कदाचित म्हणूनच तिचा विचार सर्वांत कमी होतो. भारतीय लोहाराची परंपरागत ऐरण म्हणजे बहुधा पोलादाचा एक चौकोनी ठोकळा. तो लाकडात वा जमिनीत पक्का रोवलेला असतो व लोहार बसून काम करतो. गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांचे काम अशाच आटोपशीर ऐरणीवर चालत आले. इंग्लंडमध्ये १९ व्या शतकात रूढ झालेल्या ‘लंडन’ घाटाच्या ऐरणीला मात्र एका टोकास निमुळती चोच, मध्ये सपाट माथा, चोच व माथा यांच्यामध्ये एक नरम पायरी आणि माथ्यावर एक चौकोनी व एक गोल छिद्र असते. वाकविण्याचे काम चोचीवर होते, छिन्नीने तोडण्याचे पायरीवर. चौकोनी छिद्रात निरनिराळी हत्यारे बसविता येतात. हा घाट सोयीचा खरा, परंतु त्यावाचून अडत नाही. हातोड्याखाली पुरेसे वजन असणे अधिक महत्त्वाचे. हौसेने लोहारकाम करणारे पुष्कळदा रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरतात. तो आडवा ठेवण्याऐवजी उभा रोवला, तर सगळे वजन घावाच्या सरळ खाली येते आणि लहानसा तुकडाही चांगले काम देतो.

नवशिक्याची खरी फसगत होते ती कडेच्या बाबतीत. माथ्याची कड जितकी तीक्ष्ण तितकी ऐरण उत्तम, असा त्याचा समज असतो. वस्तुतः तापलेले लोखंड मेणासारखे असते. ज्यावर दाबावे त्याचा ठसा ते घेते. सांडशीचा जबडा घडविताना लोखंड कडेवर ठेवून एका बाजूने पातळ करतात. कड तीक्ष्ण असेल, तर जाड आणि पातळ भाग जेथे मिळतात तेथे आतून तीक्ष्ण कोपरा पडतो. पुढच्या घावांनी त्या जागी लोखंड स्वतःवरच दुमडते. ते सांधले मात्र जात नाही. वरून बारीक रेघ दिसते, आत फट असते. दुमड पडली नाही तरी ताण त्या कोपऱ्यातच एकवटतो, आणि शेकडो वेळा दाबली गेलेली सांडशी एके दिवशी नेमकी तेथे तुटते. तिच्या तोंडात तेव्हा लालबुंद लोखंड असते. खाली लोहाराचा पाय असतो.

दुसरा धोका ऐरणीलाच आहे. माथ्याचे पोलाद कठीण केलेले असते. चुकलेला घाव तीक्ष्ण कडेवर बसला, की तिची कपची उडते. तिच्या मार्गात डोळा आला तर काय होईल, हे सांगावयास नको.

यासाठी कड आधीच गोलावून घ्यावी. सर्वत्र सारखी गोलाई मात्र ठेवू नये. चोचीजवळ ती सुमारे ६ ते ९ मिलिमीटर त्रिज्येची ठेवून पुढे हळूहळू कमी करीत न्यावी, म्हणजे कामानुरूप जागा निवडता येते. दुसऱ्या टोकाला थोडी कड तीक्ष्णप्राय राहू द्यावी, तीही हाताला बोचणार नाही इतपत. घासण्यासाठी कानस बरी. ती लागतच नसेल तर माथा चांगलाच कठीण आहे असे समजावे व घासण्याचे यंत्र वापरावे. परंतु थांबत थांबत, आणि डोळ्यांवर चष्मा लावून. पोलादावर निळी झाक आली, की त्याचे पाणी उतरले.

जुनी ऐरण घेताना झडलेल्या कडा पाहून निराश होण्याचे कारण नाही. अशा ऐरणीचा सगळा माथा घासून सपाट करण्याचा मोह मात्र टाळावा. जुन्या घडीव ऐरणींत पोलादाची पट्टी घडीव लोखंडाच्या धडावर केवळ वरच जोडलेली असते. ती झिजविली की खाली मऊ लोखंड उरते. झडलेली जागा गुळगुळीत गोलावून तशीच ठेवावी. बोटभर लांबीची चांगली कड कोठेही शिल्लक असेल, तर बहुतेक कामे तेवढ्यावर होतात.