दुबईला शिकवायला जाताना

‘बी.एड. आहे, दहा वर्षांचा अनुभव आहे, आणखी काय लागणार?’ दुबई, शारजा, अबुधाबीच्या शाळांत नोकरी शोधणाऱ्या शिक्षिकांची ही समजूत सगळ्यांत महागात पडते.

लागतं ते पदवीचं साक्षांकन. भारत 2005 पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे अनेक देशांना परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही. तिथल्यासाठी आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास आणि तिथे पोचल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय, अशी शिक्क्यांची रांग असते. मराठी शिक्षिकांची गाडी यात हमखास अडते ती नावापाशी. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. क्वचित पहिलंही बदललेलं असतं. तिथल्या अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटल्या तर त्याचा दोष नाही. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र आधी हाताशी ठेवा, नोकरीचे अर्ज त्यानंतर करा.

‘तिथे कर नाही, म्हणजे सगळा पगार शिल्लक.’ अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही, हे खरं. पण घरभाडं हा तिथला सर्वांत मोठा खर्च. शिवाय ‘दुबईचा पगार’ असा काही एक आकडा नाही. भारतीय बोर्डाच्या शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा सहसा कमी देतात. आणि भारतातला कर आपोआप सुटत नाही. नोकरीसाठी जाताना त्या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात 182 किंवा अधिक दिवस राहिलेल्या असाल, तर त्या वर्षापुरत्या तुम्ही करासाठी भारतातल्या रहिवासीच. जानेवारीत निघणारीने तिकिटाआधी सीएला विचारावं. इथलं बचत खातंही एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यावं लागतं.

‘एकूण पगार ठरला की झालं’ हा गैरसमज तर अनुभवी शिक्षकांचाही असतो. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार वेगळा शोधा. नोकरीचं एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा पगार, पुढे 30 दिवसांचा. ही रक्कम निव्वळ मूळ पगारावर मोजतात. दोघींचा एकूण पगार 5,000 दिऱ्हाम, पण एकीचा मूळ पगार 4,000 आणि दुसरीचा 2,000 असेल, तर पाच वर्षांनी पहिलीला 14,000 मिळतात आणि दुसरीला 7,000. काम तेच, तास तेच.

‘करार सरकार तपासतंच की.’ तुमचा नाही तपासत. दहावी झालेल्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही, म्हणून शिक्षकांची कागदपत्रं त्या टेबलावर जातच नाहीत. वाचायचं ते तुम्हीच. परिविक्षा सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही. शाळेने पासपोर्ट स्वतःकडे ठेवणं बेकायदा आहे, मग तो कितीही गोड बोलून मागोत.

सामानाबद्दलही थोडं. दिवाळीचा फराळ नेताना अनारसे घरीच ठेवा. त्यांवरची खसखस अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते आणि कस्टमवाले ‘आमच्याकडे घरोघरी वापरतात’ हे ऐकून घेत नाहीत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल न्यायचं असेल, तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी काढावी लागते.

शेवटचा गैरसमज पैशांचा: ‘एजंटला दोन लाख दिल्याशिवाय नोकरी मिळत नाही.’ भारतात नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. अमिरातीच्या 2021च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो, तो कामगाराकडून वसूल करता येत नाही. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येते. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, शिकवायला लागा, पुढचं बघू’ असं सांगणाऱ्याकडे तर जाऊच नका: त्या व्हिसावर काम करणं गुन्हा आहे आणि दंड तुम्हालाही होऊ शकतो.