प्रसादाचा कुंदा आणि संत पौलाचं पत्र

गेली दोन-अडीच वर्षं मी कॉलेज सुटल्यावर बेळगावातल्या एका लहानशा फाउंड्रीच्या ऑफिसात बिलं टाइप करते. तिथे ख्रिस्ती मी एकटीच. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण खंडेनवमीला येतं. त्या दिवशी यंत्रं पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, दारात कोहळा फोडतात, माझ्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागतं. मग हातावर प्रसाद येतो. बेळगाव म्हटल्यावर अर्थातच कुंदा!

पहिल्या वर्षी "पोट बिघडलंय" असं सांगून मी सुटले. आमची आजी प्रसाद घेत नाही, त्यामुळे तिला बरं वाटलं. मला मात्र ते खोटं टोचत राहिलं.

हा प्रश्न नवा नाही. करिंथ हे ग्रीसमधलं गजबजलेलं व्यापारी शहर. पौल तिथे अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू बनवण्याचं काम करायचा, म्हणजे तोही चार प्रकारच्या लोकांत मिसळून पोट भरणारा कारागीरच. देवळात बळी दिलेल्या जनावरांचं मांस तिथे बाजारात विकायला यायचं. ख्रिस्ती माणसाने ते खावं की नाही, यावरून तिथल्या मंडळीत वाद होता. इ. स. ५५च्या सुमारास लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, आठव्या ते दहाव्या अध्यायांत, पौल या वादात शिरतो.

त्याचं उत्तर सरळ हो-नाही असं नाही. मूर्तिपूजेत भाग घेऊ नका, हे तो ठामपणे सांगतो. पण बाजारातलं मांस चौकशा न करता खा, आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाने जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा, असंही म्हणतो. मात्र कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. आजीचा आधार हाच. प्रसाद म्हणजे सांगूनच दिलेला, मग विषय संपला!

मला वाटतं, संपत नाही. पौल लगेच कारणही देतो: सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, तुमच्या नव्हे. म्हणजे माझ्या खाण्याचा समोरचा काय अर्थ लावील, हे आधी बघायचं. आमच्या फादरांना विचारलं, तर तेही म्हणाले, "आधी त्या माणसाशी बोल."

म्हणून गेल्या वर्षी बोलले. आमच्या हिशेबनीस काकांना म्हटलं, "काका, मी पूजेला हात जोडणार नाही. पण कुंदा तुम्ही प्रेमाने देताय, म्हणून घेईन. चालेल?" काका हसले. "चालतंय की! तू हात जोडावंस असं कोण म्हणालंय?" वर्षभर ज्या प्रश्नाने मी हैराण होते, तो त्यांना पडलाच नव्हता. आजीला हे अजून पटलेलं नाही. तिच्याशी मी वाद घालत नाही, कारण दुबळ्या विवेकाच्या भावाला ठेच लागू नये, हेही त्याच पत्रात आहे. (आजीला दुबळी म्हणायची हिंमत पौलालाही झाली नसती!)

उलट बाजूही सांगते. नाताळात मी ऑफिसात केक नेला. आमचे एक मोल्डर माळकरी आहेत. त्यांनी डबा हातात घेतला, विचारलं, "अंडं आहे काय गं यात?" आणि "मग नको बाळ" म्हणून परत दिला. मला जराही वाईट वाटलं नाही. पोट बिघडल्याचं सोंग त्यांना करावं लागलं नव्हतं. यंदा त्यांच्यासाठी नेवऱ्यांचा वेगळा डबा न्यायचा ठरवलंय. सारणात ओलं खोबरं, गूळ, वेलची. तळायचं काम आजीने स्वतःहून मागून घेतलंय.